गोव्याचे जुने तट: चांदर ते रायतूर

गुरुवार, पणसायमळ आणि चांदर

गोव्याचे किल्ले म्हटले की लोक अग्वाद, शापोरा, रेइश मागूश ही नावे घेतात. ती यादी मी यंदा बाजूला ठेवली. ते सगळे तोफांच्या काळातले आणि बहुतेक समुद्राकडे तोंड करून बसलेले. मला त्याच्या आधीचे बघायचे होते. गोव्यात पहिली शहरे वसली तेव्हा त्यांना कोट होता का, असला तर कसला, आणि शत्रू दारात आला तेव्हा तो कामाला आला का? फोंड्याच्या मामांना फोनवर हे सांगितले तर म्हणाले, "भिंती बघायला येतेस? मग सकाळी निघून जेवायला परत येऊ गो. चार-चार दिवस कशाला?" तरी मी पोचले तेव्हा गाडी धुऊन ठेवलेली होती.

सकाळी आधी रिवणच्या पुढे, उसगाळीमळला. तिथल्या सड्याला पणसायमळ म्हणतात. कुशावती नदी इथे जांभ्याच्या सपाट कातळाला वळसा घालते. त्या कातळावर बैल, हरणे, पावले, वर्तुळात वर्तुळे असलेला एक भुलभुलैया अशी शंभराहून जास्त चित्रे कोरलेली आहेत. गावातल्या लोकांना ती ठाऊक होती, अभ्यासकांपर्यंत १९९३ मध्ये पोचली. बैल इतके डौलदार आहेत की कोरणाऱ्याने आयुष्यभर बैलच पाहिले असावेत. भुलभुलैयाला आपल्याकडे लगेच चक्रव्यूह म्हणतात, पण कोरणाऱ्याच्या मनात अभिमन्यू होता असे मानायला काही आधार नाही. चित्रांत लढाई शोधायची मला खोड आहे. माणसावर शस्त्र उगारलेला माणूस काही दिसला नाही.

म्हणून त्या काळी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असे म्हणवत नाही. सुदानच्या उत्तरेला, नाईल नदीकाठी जेबेल सहाबा नावाची एक दफनभूमी आहे. साधारण १३,००० वर्षांपूर्वीची. १९६० च्या दशकात तिथे ६१ माणसांचे सांगाडे मिळाले. कित्येकांच्या हाडांत दगडी बाणाग्रे रुतलेली होती. २०२१ मध्ये त्या हाडांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा भरून आलेल्या जुन्या जखमाही सापडल्या. म्हणजे माणसे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा झोडपली गेली होती. शेती नाही, शहर नाही, तट तर नाहीच, आणि हल्ले मात्र आहेत. गोव्यात असा पुरावा मिळायची आशा धरू नये. जांभ्याची माती आम्ल असते, ती हाडे खाऊन टाकते. इथल्या मेलेल्यांनी काय सोसले ते दगडाला आणि ताम्रपटालाच विचारावे लागते.

तीच कुशावती पुढे चांदरला जाते. चांदरला येणारी माणसे ब्रागांझांचा वाडा बघतात, आरशांसमोर फोटो काढतात आणि परततात. आम्ही वाड्यावरून तसेच पुढे कोटात गेलो. गावाच्या त्या भागाला अजून कोटच म्हणतात. इथे चंद्रपूर होते. शिरोड्याला सापडलेला भोज घराण्यातल्या देवराज राजाचा ताम्रपट याच चंद्रपुरातून दिलेला आहे आणि तो चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचा मानतात. १९२९ मध्ये फादर हेन्री हेरास मुंबईहून इथे आले, त्यांनी कोटाची रेषा शोधली आणि खणले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात विटांच्या देवळाचा पाया निघाला. आज कुंपणाच्या आत तो पाया आहे आणि मुंडके नसलेला एक मोठा नंदी आहे.

मामांनी कुंपणाला एक फेरी मारली. "कोट खंय?"

कोट जमिनीच्या वर शोधायचा नाही, खाली शोधायचा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कोयत्यासारख्या हत्याराने तासता येतो, मग हवा लागली की घट्ट होतो. असा तासलेला, मापाचा, फुकटचा चिरा तटात पडलेला असताना घर बांधणारा खाणीपर्यंत जाईल कशाला? दीड हजार वर्षांत गावाने तट उचलून आपापल्या जोत्यात बसवला. पण खंदक कुणाला उचलून नेता येत नाही. तो गाळाने भरतो आणि त्याची रेघ राहते. शेताच्या कडेला जमीन जिथे उगाच खोलगट होते, गवत जिथे जास्त दिवस हिरवे राहते, तिथून कोट गेला होता असे समजून चालायला लागायचे. उत्खनन करणारे लोक म्हणूनच भिंतीपेक्षा खंदकावर जास्त जीव टाकतात. त्यात पडलेली खापरे थराथराने बसतात आणि काळ सांगतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या दुर्गविधानात खंदक आणि भिंत दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. आधी तीन परिखा, म्हणजे खंदक, खणायच्या, चौदा, बारा आणि दहा दंड रुंदीच्या. त्यातून निघालेल्या मातीचाच वप्र, म्हणजे मातीचा बांध, घालायचा. तो हत्तींकडून आणि बैलांकडून तुडवून घट्ट करायचा, वर काटेरी झुडपे आणि विषारी वेली लावायच्या. वप्रावर प्राकार, म्हणजे तट, बांधायचा तो विटांचा किंवा दगडाचा. लाकडाचा मात्र मुळीच नाही, कारण लाकडात आग दबा धरून बसलेली असते. गंमत अशी की मेगॅस्थेनिसने पाहिलेल्या पाटलिपुत्राचा तट लाकडीच होता, ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे असलेला. पाटण्याजवळ बुलंदीबागेत त्याच्या ओंडक्यांच्या रांगा सापडल्याही आहेत. शास्त्र लिहिणाऱ्याने कुणाकडे बघून ही ओळ लिहिली असेल असा विचार करत मी त्या खोलगट रेघेवरून बरीच लांब गेले. मामा सावलीत उभे राहिले.

ताम्रपट, देऊळ आणि कोट असूनही चंद्रपूर टिकले नाही. चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा इथपर्यंत आल्या आणि कदंब राजांची ही जुनी राजधानी उद्ध्वस्त झाली. हे आपल्याला लिहिलेले मिळते. लिहिलेले नसते तिथे मातीला विचारायचे. सीरियाच्या ईशान्येला हमूकर नावाच्या शहरात इ.स.पू. ३५०० च्या सुमाराच्या थरात कोसळलेल्या, जळलेल्या भिंती आणि त्यांच्यात गोफणीच्या मातीच्या गोळ्यांचा खच मिळाला. काही गोळ्या भिंतीवर आपटून चेपलेल्या. राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाही, पण हल्ला झाला यात शंका राहत नाही.

शुक्रवार, आगशी आणि गोवा वेल्हा

आजचा कार्यक्रम मामांच्या घड्याळावर नव्हता, ओहोटीवर होता. गोवा वेल्ह्याजवळ जुवारीच्या काठाला जो जुना बांधीव तट आहे तो भरतीला पाण्यात असतो. आम्ही आगशीहून काठाकाठाने निघालो तेव्हा पाणी नुकते उतरू लागले होते. आधी चिखल उघडा पडला, मग शेवाळलेल्या चिऱ्यांची एक ओळ, मग तिच्याखाली दुसरी. चिरे मोठे, तासीव, एकमेकांना घट्ट बसवलेले. ओळ सरळ आहे, आणि नदी काही सरळ नाही. तेवढ्यावरूनच कळते की हे माणसाचे काम.

हे गोपकपट्टण. अकराव्या शतकाच्या मध्यावर कदंब राजा जयकेशी पहिला याने राजधानी चांदरहून इथे आणली. कारण उघड आहे. चांदर आत, नदीच्या वळणात जपलेले. गोपकपट्टण जुवारीच्या रुंद तोंडाशी, जहाजांच्या वाटेवर. तिजोरी बंदरावर भरत असेल तर राजाही बंदरावर हवा. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पुरातत्त्वज्ञांनी हा काठ धुंडाळून या तटाची नोंद केली आहे. जहाजे लागायचा धक्का म्हणा, काठ धुपू नये म्हणून घातलेली भिंत म्हणा, की शहराचा कोट म्हणा. बघताना मला ही तिन्ही कामे एकाच भिंतीने केली असावीत असे वाटले.

चिखलात तिसऱ्या (शिंपल्या) वेचणाऱ्या बायका होत्या. एकीला मी विचारले, हे काय? तिने वरही पाहिले नाही. "पोरनो बांद." कुणी बांधला? "देवाक खबर." मामा हसले. मला मात्र तिचे उत्तर पुरातत्त्वाच्या अहवालापेक्षा फार वेगळे वाटेना.

या भागाला एका प्रवाशाने डोळ्यांनी पाहून लिहिलेले आहे. इब्न बतूता त्याला सिंदाबूर म्हणतो. छत्तीस गावे असलेले बेट, भोवती खाडी, आणि खाडीचे पाणी ओहोटीला गोड, भरतीला खारट. सिंदाबूर म्हणजे चंद्रपूर की गोपकपट्टण यावर विद्वानांचे जमत नाही. भोवतीच्या खाडीचे वर्णन वाचून माझा कौल तिसवाडीच्या, म्हणजे गोपकपट्टणच्या बाजूने जातो. १३४२ मध्ये होनावरच्या जमालुद्दीन सुलतानाने ५२ जहाजे घेऊन सिंदाबूरवर स्वारी केली. इब्न बतूता त्या ताफ्यात होता. जहाजे पोचली तेव्हा काठावरची माणसे तयार होती, त्यांनी मंजनीक, म्हणजे दगडफेकीची यंत्रे, उभारलेले होते. दुसऱ्या सकाळी मंजनीकांच्या दगडांचा मारा चालू असतानाच हल्लेखोर ढाली घेऊन पाण्यात उतरले. दोन जहाजे तर घोड्यांसाठीच होती. त्यांचा मागचा भाग उघडा असे. स्वार आतच घोड्यावर बसे, आतच चिलखत चढवी आणि थेट बाहेर पडे. एवढी तयारी पाहून शहर काय टिकणार. लोक राजवाड्यात शिरले, तिथे आग लावली गेली, आणि संपले.

यात तटाचे नाव कुठे येते ते मी शोधत होते. येते ते फक्त काठाचे. म्हणजे लढाई काठावरच ठरली. पाणी ओलांडून शत्रूचा घोडा वाळूवर आला की आतल्या भिंतीचा भरवसा नव्हता.

पिलारच्या टेकडीवर सेमिनरीचे संग्रहालय आहे, तिथे गोवा वेल्ह्यातले दगड ठेवलेत. ते बघून खाली उतरलो. पुढे जुवारी गाळाने उथळ होत गेली, जहाजांना हे बंदर जमेना आणि व्यापार बेटाच्या उत्तरेला, मांडवीकाठच्या एळ्याला, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याला सरकला. कोट कितीही चांगला असो, नदीने पाठ फिरवली की शहर उठते. रात्री मामींनी तिसऱ्यांचे सुके केले होते. कुठून आणल्या ते मी विचारले नाही.

शनिवार, बाणस्तारी, कुंभारजुवे, जुवे

या प्रवासात सगळ्यात जास्त वेळ दिला तो आजच्या दिवसाला, आणि दिला तेही कमीच पडले.

नकाशा उघडून तिसवाडी बघा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र. पूर्वेला दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा अरुंद खाडीपट्टा. तिसवाडीचे बेट झाले आहे ते या पट्ट्यामुळे. कौटिल्याने दुर्गांचे चार प्रकार सांगितले, त्यात पहिला औदक, पाण्याने वेढलेला. खणायचा खर्च नाही, भरायचा खर्च नाही. राज्यकर्त्याने फक्त उताराच्या जागा राखायच्या. बाणस्तारी, दावजे, नार्वे, आगशी, पणजी. आदिलशाहीने त्या राखल्या, पोर्तुगीजांनी त्याच राखल्या. गोव्याचा खरा कोट हा.

पण पाणी कुणाचेच नोकर नाही, हे १५१० मध्ये दोन्ही बाजूंना कळले. वर्षाच्या सुरुवातीला अफोन्सो द अल्बुकर्कने तिमय्याच्या मदतीने शहर घेतले. मे महिन्यात आदिलशाही फौज वादळी रात्री खाडी ओलांडून बेटावर उतरली. पोर्तुगीज जहाजांवर पळाले आणि तिथे अडकले. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध खवळतो, बाहेर समुद्रात जाता येत नाही. मागे तोफा, पुढे पाऊस. ऑगस्टपर्यंत ते नदीत उपाशी तरंगत राहिले. उंदीर खाल्ले, पेट्यांचे कातडे उकडून खाल्ले. सुटले आणि नोव्हेंबरच्या २५ तारखेला परत येऊन त्यांनी शहर घेतले, या वेळी कायमचे.

तरी बाणस्तारीचा उतार हातून गेलाच. अल्बुकर्क मलाक्केला गेलेला असताना विजापूरच्या सैन्याने तिथे पक्का किल्ला उभा केला, खाडीत लाकडी खुंटांच्या रांगा ठोकून जहाजांची वाट बंद केली. १५१२ मध्ये तो परतला. खुंट उपटून दोन्ही बाजूंनी जहाजे आत घातली, जमिनीवरून वेढा दिला. विजापूरचा सरदार रसूलखान याने शरण येताना आपल्याकडे आलेले पोर्तुगीज फितूर परत दिले. जिवाला धक्का लावणार नाही असा शब्द होता. अल्बुकर्कने जीव ठेवला, नाक, कान आणि उजवा हात कापला. त्यांतला फेर्नांव लोपिश पुढे अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर एकटा उतरला आणि उरलेले बहुतेक आयुष्य तिथेच राहिला. त्या बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी तो. बाणस्तारीच्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, ही गोष्ट सांगणारा एक फलक तिथे असायला हरकत नव्हती.

१५७० मध्ये अली आदिलशहाने मोठी फौज याच खाडीच्या पलीकडे आणून बसवली. अनेक महिने बसली. पलीकडून तोफा चालल्या, पण खाडी ओलांडून बेट घेणे जमले नाही.

कुंभारजुव्याला आम्ही बोट घेतली. बोटवाल्याने आधीच बजावले, हात बाहेर काढायचा नाही. अर्ध्या तासात खारफुटीच्या मुळाशी चिखलावर पडलेली एक मगर दिसली, मग आणखी एक. खारट पाण्यात राहणाऱ्या या मगरी बघायला आता पर्यटक येतात. अर्थशास्त्रात परिखेला एक विशेषण आहे, ‘पद्मग्राहवती’. कमळे असलेली आणि मगरी असलेली. इथे कमळे नाहीत एवढेच.

बोटीतून दोन्ही काठांचे बांध दिसतात. गोव्यातली खाजने हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. भरतीची पातळी शेताच्या वर असते, शेत खाली, मध्ये मातीचा बांध. चिकणमातीत पेंढा आणि खारफुटीच्या फांद्या घालून तो चोपतात, लाटेच्या बाजूला चिरे लावतात, बाहेरची खारफुटी राखतात म्हणजे लाट तिच्यात मरते. बांधात मानस असते, लाकडी झडपांचे दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते आणि आतले पाणी सोडते. पहारेकऱ्याची गरज नसलेला दरवाजा. सहाव्या शतकाच्या आसपासच्या अनिर्जितवर्म्याच्या बांदोड्याच्या ताम्रपटातही खाजन जमिनीचा उल्लेख आहे. इथे कुठल्याही तटाहून बांधाची परंपरा मोठी.

वप्राची कृती आणि बांधाची कृती शेजारी ठेवून बघा. चोपलेली माती, बाहेरून दगड, वर किंवा पुढे झाडांची आडकाठी. माणसे तीच, हत्यारे तीच. शत्रू तेवढा निराळा.

जेरिकोची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोला १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी उत्खनन केले आणि इ.स.पू. ८००० च्या सुमाराची दगडी भिंत, तिच्याशी लागून साडेआठ मीटर उंचीचा बुरूज आणि बुरुजाच्या पोटात बावीस पायऱ्यांचा जिना मिळाला. जगातला पहिला तट, पहिले युद्ध, असे सगळ्या पुस्तकांत छापले गेले. १९८६ मध्ये ओफेर बार-योसेफ यांनी विचारले, शत्रू कुठला? त्या काळात तिथे हल्ल्याची खूण नाही, आसपास त्या तोडीचे दुसरे गाव नाही. उलट उतारावरून येणारा पूर आणि चिखलाचा लोंढा मात्र दर पावसाळ्याचा. भिंत त्याच्यासाठी असेल. बुरुजाचे कारण यातून सुटत नाही आणि वाद चालू आहे. पण कुंभारजुव्याच्या खाडीत बोटीत बसून बार-योसेफ यांचे म्हणणे मुळीच विक्षिप्त वाटत नाही. आपल्याच घोड नदीकाठच्या इनामगावला, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीला भिंत आणि खंदक होते, आणि तिथेच पाणी वळवणारा पाट आणि बांधही सापडला. धोळावीरात मनहर आणि मनसर हे पावसाळी ओढे अडवून तटाच्या आत तलाव भरत. पहिल्या कोटांचा इतिहास लिहिताना गवंड्याच्या शेजारी शेतकऱ्याला बसवायला हवे. सेनापती मागाहून आला.

दुपारनंतर जुव्याला गेलो. टेकडीवरचा पोर्तुगीज किल्ला छोटाच आहे, बसका, पण वरून सगळी खाडी हातावर ठेवल्यासारखी दिसते. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री, ओहोटीला पाणी उतरलेले पाहून संभाजी महाराजांची माणसे या बेटावर आली आणि किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन धावून आला आणि मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा परतला. राजधानी समोर, मध्ये एक खाडी. जुन्या गोव्यात असा हाहाकार झाला की विजरईने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीशी जाऊन आपला राजदंड त्याच्या हवाली केला. मग भरती आली. महाराजांनी घोडा खाडीत घातला आणि वाहून जाऊ लागले तेव्हा खंडो बल्लाळाने वाचवले, ही आठवण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. जानेवारीत औरंगजेबाच्या मुलाची, शहाआलमची मोगल फौज रामघाट उतरली आणि मराठ्यांना माघारी फिरावे लागले. गोव्यात याचे श्रेय संताला जाते. मामा म्हणाले, "अर्धे भरतीला दे, अर्धे औरंगजेबाला."

रविवार, जुने गोवे

रविवारी जुन्या गोव्याला जाऊ नये. मिसा, बसगाड्या, टोप्या विकणारे. आम्ही दोनच दारे पाहिली.

सेंट कायतान चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचे दार उभे आहे. काळ्या दगडाचे खांब, वर उंबरपट्टी, मागे काही नाही. याच वाड्यात पुढे पोर्तुगीज विजरई राहत होते, १८२० मध्ये तो पाडला. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरे दार, वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, विजरई असताना बांधलेली कमान. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा, शहराच्या बाजूला एक बाई आणि तिच्या पायाखाली पालथा पडलेला पौर्वात्य माणूस. १९५४ मध्ये ही कमान पुन्हा उभारली, तेव्हा तो माणूसही परत पायाखाली ठेवला. शहर जिंकले की जिंकणारा आधी दार ताब्यात घेतो आणि मग त्यावर आपले म्हणणे लिहितो, ही रीत आश्शूरच्या राजांपासून चालत आलेली.

सोमवार, फोंडा, दुर्भाट, रायतूर

सोमवार म्हणून मामींकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. खतखते खाऊन निघालो.

फोंड्याला आलेले लोक फर्मागुडीचे शिवस्मारक बघतात आणि किल्ला पाहिला म्हणतात. खरा मर्दनगड गावाने गिळला. आदिलशाहीचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये घेतला. १६८३ च्या नोव्हेंबरात, जुव्याच्या लढाईआधी पंधरा दिवस, विजरईने त्याला वेढा दिला. आगशीहून जुवारी ओलांडून दुर्भाटला उतरला, तोफा चढवल्या आणि मारा सुरू केला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. तटाला भगदाड पडले. मंजनीकाच्या दगडापुढे उंच भिंत चालते, तोफेपुढे उंची हाच दोष. त्याआधीपासूनच युरोपात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तट बुटके आणि जाड होत चालले होते ते यासाठी. फोंड्याचा तट जुन्या पद्धतीचा होता. तो पडला तरी भगदाडात माणसे उभी राहिली. संभाजी महाराज कुमक घेऊन आले, अवेळी पाऊस कोसळू लागला, आणि विजरई चिखलातून दुर्भाटच्या धक्क्याकडे मागे सरला. या लढाईत झालेल्या जखमांनी कृष्णाजी गेला.

मामा या जागेवर नेहमी थोडे मोठ्याने बोलतात. एका दुकानदाराने बाहेर येऊन पाहिले.

दुर्भाटच्या रस्त्याला उतार सुरू झाला की दोन्ही बाजूंना खाजने लागतात. मामांनी गाडी थांबवून एक बांध दाखवला. बोरी, दुर्भाट या भागात पौष अमावास्येला मानगे थापणी होते. शेतकरी बांधाजवळ चिखलाची मगर थापतात, तिला शिंपल्यांनी नटवतात, पूजा करतात आणि बांध राख म्हणून सांगतात. "तुझ्या त्या कौटिल्याला कळव," मामा म्हणाले.

दुर्भाटहून रासईला फेरीबोट जाते. मामा गाडी चढवताना बोटीवरच्या माणसाशी एका फुटलेल्या बांधावरून बोलू लागले. कुणी दुरुस्त करायचा, गावकरीने (गावच्या संस्थेने) की कुळांनी की सरकारने, आणि तोवर खारे पाणी शेतात. नदी संपली तरी वाद संपला नव्हता.

गाडी मडगावच्या वाटेला लावायच्या आधी रायतूर. हा किल्लाही विजापूरचा. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने जिंकून पोर्तुगीजांना दिला आणि साष्टीची राखण करायला तो पुढची दोनशे वर्षे जुवारीकाठी उभा राहिला. टेकडीवर सेमिनरी आहे, चर्च आहे. तट बहुतेक गेला आहे, खंदकाची खोल रेघ झाडीतून दिसते आणि रस्त्यावर एक दरवाजा उरला आहे, कमानीचा, लाल चिऱ्यांचा. रहदारी अजून त्यातूनच जाते आणि एका वेळी एकच गाडी मावते. आम्ही अर्ध्यात शिरलो तेव्हा समोरून वाळूचा टेम्पो आला. मामांनी हॉर्न दिला, त्यानेही दिला. शेवटी मामा मागे आले, आरसे मिटून, कमानीला धक्का न लावता. टेम्पोवाल्याने जाता जाता हात केला आणि आम्ही पुन्हा आत घुसलो. कोकणकन्येला अजून दोन तास होते.